चालत आलेली गाणी

टीचरनी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवरून जुन्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, तुकड्यात बांधलेलं एक पुडकं काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. गाठ सोडली, तर आत लाकडी चिपळ्यांचा एक जोड. पितळेच्या चकत्या काळ्या पडलेल्या, अंगठ्याची कडी एका बाजूला झिजून पातळ झालेली, आणि जिथे तळहात टेकतो तिथलं लाकूड थोडं खोलगट झालेलं. त्यांचे आजोबा तंजावरच्या आसपासच्या खेड्यांत उपदेशक होते. संध्याकाळी वडाखाली कंदील लावून ते उभ्यानं येशूच्या गोष्टी सांगत, मध्ये मध्ये गात, आणि गाताना या चिपळ्या वाजवत.

"याला आम्ही चिप्ळाक्कट्टै म्हणतो," टीचर म्हणाल्या. "कट्टै म्हणजे लाकूड. चिप्ळा म्हणजे काय ते मात्र आजोबांनाही सांगता यायचं नाही. चिप्ळा म्हणजे चिप्ळा."

मी चिपळ्या बोटांत अडकवल्या. माझ्या आजोबांचा जोड असाच होता. पंढरपुरात घेतलेला, नगरच्या घरी देवघराच्या खुंटीला टांगलेला. मी टीचरना म्हटलं, "हा शब्द आमचा आहे." त्यांचा आधी विश्वासच बसेना. मग त्या हसल्या, चिपळ्या माझ्याकडून घेतल्या आणि दोनदा वाजवल्या. "म्हणजे हे लाकूड तुमच्याकडून आलं आणि गाणं आमचं," त्या म्हणाल्या.

एवढ्यावर थांबणं मला शक्य नव्हतं. हा लेख त्या संध्याकाळी सुरू झाला.

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमला राहायला येऊन मला चार वर्षं झाली. आमची इमारत कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आहे. याच रस्त्यावर विमेन्स ख्रिश्चन कॉलेज आहे, १९१५ साली ब्रिटिश आणि अमेरिकन मिशनांनी मिळून काढलेलं. शेजारी गुड शेफर्ड कॉन्व्हेंट. पलीकडे स्टर्लिंग रोड ओलांडून गेलं की जेझुइटांचं लोयोला कॉलेज, १९२५ सालचं. जेमिनी पुलाच्या अंगाला सेंट जॉर्जेस कॅथीड्रल, जिथे २७ सप्टेंबर १९४७ रोजी अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल अशा वेगवेगळ्या पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन केलं. रविवारी सकाळी या टापूत फिरलं तर एका कोपऱ्यावर ऑर्गन ऐकू येतो आणि पुढच्या कोपऱ्यावर मृदंग.

विमेन्स ख्रिश्चन कॉलेजच्या आवारात डव्हटन हाउस नावाची पांढऱ्या खांबांची जुनी हवेली आहे. कॉलेजनं ती घेण्याच्या कितीतरी आधी, १८७५ साली इंग्रजांनी बडोद्याच्या गादीवरून उतरवलेल्या मल्हारराव गायकवाडांना मद्रासला आणून या वाड्यात ठेवलं होतं. इथेच मद्रासमध्ये १८८२ साली ते वारले. ज्या व्हरांड्यांत आज मुली पुस्तकं छातीशी धरून धावतात, तिथे एक मराठी राजा परमुलखात दिवस मोजत होता. गाण्यांशी याचा संबंध नाही. पण त्या फाटकासमोरून जाताना माझी पावलं दर वेळी मंदावतात, म्हणून लिहिलं.

टीचर आमच्या मजल्यावर समोरच राहतात. शाळेतून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी अख्खी गल्ली त्यांना टीचरच म्हणते. रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे घरगुती प्रार्थना असते, आणि पहिल्या महिन्यातच त्यांनी मला "वा मा, कापी घेऊन जा" असं बोलावून आत बसवलं. तेव्हा त्यांच्या टीपॉयवर दोन पुस्तकं दिसली. एक 'पामालै', दुसरं 'कीर्तनै'. तमिळ प्रोटेस्टंट चर्चमध्ये ही दोन्ही लागतात, आणि त्या दोन पुस्तकांतल्या फरकात तीनशे वर्षांचा इतिहास आहे.

पामालैतली गाणी पाश्चात्त्य वृत्तांत बांधलेली आहेत. मूळ जर्मन किंवा इंग्रजी, शब्द तमिळ, चाल मात्र तिकडचीच. कीर्तनैतल्या प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर रागाचं आणि तालाचं नाव छापलेलं असतं आणि खाली पल्लवी, अनुपल्लवी, चरणम् असे भाग पाडलेले असतात. त्यागराजांच्या कृतीचं पुस्तक उघडावं तसंच. टीचर पामालैतलं गाणं म्हणताना ताठ बसतात. कीर्तनै उघडलं की त्यांचा उजवा हात आपोआप मांडीवर जातो आणि करंगळीपासून मोजायला लागतो.

कोणतंही गाणं म्हणण्याआधी त्याची गोष्ट सांगायची, ही त्यांची सवय. ख्रिस्ती घरांत ही पद्धत जगभर आहे. कुठलं स्तोत्र कुठल्या दुःखातून जन्मलं, हे मुलांना स्तोत्राआधी कळतं. शिकागोच्या होरेशियो स्पॅफर्डची कथा मी त्यांच्या तोंडून ऐकली. नोव्हेंबर १८७३ मध्ये 'व्हिल द्यू आव्र' हे जहाज अटलांटिकमध्ये बुडालं, त्यात त्याच्या चारही मुली गेल्या, बायको तेवढी वाचली. तिला आणायला तो दुसऱ्या जहाजानं निघाला, आणि त्या प्रवासातून 'इट इज वेल विथ माय सोल' हे गीत आलं. फिलिप ब्लिसनं १८७६ मध्ये त्याला चाल लावली आणि चालीला नाव दिलं त्या बुडालेल्या जहाजाचं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्लिस स्वतः रेल्वे अपघातात गेला. दुसरी गोष्ट मार्टिन रिंकार्टची. जर्मनीतल्या आयलेनबुर्ग गावचा हा पाळक. तीस वर्षांचं युद्ध, त्यात १६३७ सालची प्लेगची साथ. त्या एका वर्षात त्यानं चार हजारांहून जास्त माणसांचे अंत्यविधी केले, त्यात त्याची बायकोही होती. आणि जर्मनीत सर्वांत जास्त गायलं जाणारं आभाराचं स्तोत्र याच माणसाचं. मुळात ते त्यानं घरच्यांसाठी, जेवणानंतर म्हणायला लिहिलं होतं.

या गोष्टी ऐकताना अंगावर काटा येतो, आणि तो खराच असतो. पण मला दर वेळी वाटायचं की गोष्ट अर्ध्यावर थांबते आहे. गाणं जन्मलं कसं हे कळलं. ते इथे, नुंगंबाक्कमच्या तिसऱ्या मजल्यावर, पोंगलची रांगोळी ओलांडून आलेल्या माणसांच्या तोंडात पोचलं कसं? मराठीत आपण गाण्याच्या सुरावटीला 'चाल' म्हणतो, आणि चालण्यालाही 'चाल'च. मला त्या दुसऱ्या अर्थानं गाण्यांची चाल हवी होती.

पामालैच्या बाजूनं शोधत गेलं तर माग वेपेरीला जातो. इथून रिक्षानं पंधरा-वीस मिनिटं. योहान फिलिप फाब्रिसियुस हा जर्मन मिशनरी १७४० च्या दशकापासून तिथे राहिला आणि १७९१ साली मद्रासमध्येच वारला. इंग्रजांनी १७६१ मध्ये पाँडिचेरी जिंकलं तेव्हा फ्रेंचांचा छापखाना लुटीत मिळाला, तो पुढे वेपेरीला त्याच्याकडे आला. त्यावर त्यानं छापलेल्या गोष्टींत जर्मन स्तोत्रांची तमिळ भाषांतरं होती. मूळ चालीत एकही मात्रा कमीजास्त होऊ नये अशा बेतानं, अक्षर मोजून केलेली. विद्वान माणूस, पण व्यवहार जमला नाही. पैशांच्या भानगडीत अडकून म्हातारपणी कर्जापायी तुरुंगात गेला. तमिळ ल्यूथरन लोक त्याचं बायबल आणि त्याची गीतं अजून जिवापाड जपतात. मला त्याच्याबद्दल आदर आहे. तरीही टीचर ताठ बसतात ते का, हे त्याच्या गाण्यांत कळतं. शब्द तमिळ असले तरी श्वास कुठे घ्यायचा हे जर्मनीत ठरलेलं आहे.

कीर्तनैची वाट मात्र थेट तंजावरला जाते, आणि तिथे समोर येतं भोसल्यांचं सिंहासन.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं. पुढची पावणेदोनशे वर्षं, १८५५ साली खालसा होईपर्यंत, तिथे मराठी राज्य होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला राजा तुळजाजी मृत्युशय्येवर होते. त्यांनी १७८७ मध्ये दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतलं आणि ज्या माणसावर त्यांचा सर्वांत जास्त भरवसा होता त्याच्या हवाली केलं. हा माणूस ना मराठा होता ना तमिळ. तो क्रिस्टियान फ्रीडरिख श्वार्ट्झ नावाचा प्रशियन मिशनरी होता. गादीच्या भांडणात मुलाच्या जिवाला धोका वाटला तेव्हा १७९३ मध्ये श्वार्ट्झनं सरफोजीला मद्रासला पाठवलं. तिथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याकडे त्याचं शिक्षण झालं. म्हणजे पुढे ज्यानं सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणलं, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरवलं, तो राजा उमेदीची वर्षं याच शहरात इंग्रजी, भूगोल आणि खगोल शिकत होता.

श्वार्ट्झकडे आणखी एक मुलगा होता. वेदनायगम. तिरुनेलवेलीकडचा, जन्म १७७४, म्हणजे सरफोजीहून तीन वर्षांनी मोठा. बाराएक वर्षांचा असताना श्वार्ट्झनं त्याला बापाकडून मागून घेतलं आणि तंजावरला आणलं. पुढे तरंगंबाडीला धर्मशास्त्र शिकून तो परत आला आणि विशीच्या आतच तंजावरच्या मिशन शाळेत मुख्य शिक्षक झाला. हाच वेदनायगम शास्त्रियार. कीर्तनैच्या पुस्तकात पानोपानी याचं नाव आहे. उपासनेच्या आरंभाला, मुलाच्या बाप्तिस्म्याला, लग्नाला, मयताच्या घरी, तमिळ ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात असा प्रसंग नाही की शास्त्रियारचं गाणं लागत नाही. त्यात 'नमो' येतं, 'मंगळम्' येतं, देवाला घातलेल्या साष्टांग नमस्काराची भाषा येते. दरबारात आणि देवळांत त्यानं जे संगीत ऐकलं तेच त्यानं चर्चमध्ये आणलं.

एकाच गुरूचे दोन शिष्य. एक राजा झाला, तो आयुष्यभर हिंदू राहिला, काशीयात्रा करून आला. दुसरा ख्रिस्ती कवी झाला. आणि दोघांनीही एकाच प्रकारची रचना केली!

तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नाट्यगीताचा प्रकार आहे. देवाची किंवा राजाची मिरवणूक निघते, एक तरुणी त्याला बघून वेडी होते, झुरते. मग डोंगरातली कुरत्ती, म्हणजे हात बघणारी भटकी बाई, येते. ती आपल्या डोंगरांचं, फिरलेल्या मुलखांचं वर्णन करते, मुलीचा हात बघते आणि सांगते की तुझा प्रियकर तुला मिळणार. एकनाथांच्या भारुडातला जोशी आठवावा, तशी ही बाई. सरफोजीनं मराठीत 'देवेंद्र कोरवंजी' लिहिली. तीत कोरवंजीण इंद्राच्या दरबारात येते आणि पृथ्वीचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र, एखाद्या शाळेच्या नकाशावर काठी फिरवावी तसे. शास्त्रियारनं १८०० साली 'बेत्लेहेम कुरवंजी' लिहिली. तीत मिरवणूक ख्रिस्ताची आहे, झुरणारी तरुणी सियोनची कन्या म्हणजे मंडळी, आणि हात बघणारी कुरत्ती म्हणजे श्रद्धा. पण ही श्रद्धासुद्धा मध्येच थांबून सूर्याभोवती ग्रह कसे फिरतात ते कोपर्निकसच्या मतानं समजावते. श्वार्ट्झ-गेरिकेंच्या शाळेतला धडा दोन भाषांत, दोन धर्मांत, एकाच भटक्या बाईच्या तोंडी.

हे वाचलं त्या दिवशी मी धावत टीचरकडे गेले. बेत्लेहेम कुरवंजी त्यांना लहानपणापासून ठाऊक होती, सरफोजीची कोरवंजी ठाऊक नव्हती. माझं नेमकं उलट. मी इतिहासाच्या पुस्तकातला सरफोजी शिकले होते, त्याच्या गुरुबंधूचं नावही कधी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे तंजावर म्हटलं की चित्रं, ग्रंथालय आणि सांबार एवढ्यावर विषय संपतो, याची मला खंत वाटते.

श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८ मध्ये वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आला. गुरूच्या थडग्यासाठी त्यानं स्वतः इंग्रजीत पद्य रचलं, आणि लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. ते आजही तंजावरच्या शिवगंगा बागेतल्या चर्चमध्ये आहे. गेल्या मार्गशीर्षात मी ते पाहून आले. अंथरुणावर म्हातारा पाद्री, आणि त्याचा हात हातात घेऊन उभा असलेला मराठी राजा. चर्चमध्ये कोणी नव्हतं. बाहेर बागेत शाळेच्या सहलीतली मुलं डबे उघडून बसली होती.

आता जी गोष्ट सांगायची ती सांगताना टीचरचा आवाज खाली गेला होता.

श्वार्ट्झनंतर नव्या पिढीचे मिशनरी आले. जुन्या जर्मनांनी तमिळ ख्रिस्ती लोकांचे रीतिरिवाज बऱ्यापैकी चालू दिले होते. नव्यांना ते खपेना. शास्त्रियार वेल्लाळ जातीचा. त्यानं आणि त्याच्या लोकांनी नव्या मिशनऱ्यांविरुद्ध तक्रारी लिहिल्या. त्यांत चार गाऱ्हाणी होती. आमच्या ओळखीचं बायबल बदलून नवं भाषांतर लादलं. सणाला आणि लग्नाला फुलं वापरायला बंदी केली. उपासनेतून आमची कीर्तनं आणि आमचं संगीत काढून टाकलं. आणि चौथं गाऱ्हाणं, सगळ्या जातींना एकत्र बसवायला लावलं.

पहिली तीन वाचताना मी शास्त्रियारच्या बाजूनं होते. परक्यानं येऊन तुमच्या लग्नातला गजरा काढून टाकावा आणि तुमच्या देवाला तुमच्या रागात आळवू नये म्हणून सांगावं, हा जुलूमच. चौथ्या गाऱ्हाण्यावर मी पुस्तक मिटलं. ज्या माणसानं इतकी सुंदर गाणी रचली तो चर्चमधल्या चटया वेगळ्या ठेवण्यासाठी भांडत होता. मिशननं १८२९ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं, तेव्हा सरफोजीनं आपल्या गुरुबंधूला दरबाराचा आश्रय दिला. बिशप डॅनियल विल्सननं १८३३ मध्ये चर्चमधला जातिभेद पूर्णपणे बंद करण्याचा हुकूम काढला, त्यावरून वेपेरीत आणि तंजावरात मंडळ्या फुटल्या. शास्त्रियार नव्वदीला टेकून १८६४ साली गेला.

"तुम्हाला याचा राग नाही येत?" मी विचारलं. टीचर कुठल्या जातीच्या, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारणारही नव्हते. त्यांनीच सांगितलं. "आमच्या पणजीला त्या काळात मागच्या चटईवरही जागा मिळाली नसती, दाराबाहेर उभी राहिली असती." मग कीर्तनै उघडून त्यांनी शास्त्रियारचंच एक गाणं काढलं. "राग येतो. पण हे गाणं त्यांनी देवाला दिलं ना. दिलेलं परत घेता येत नाही. आता ते माझं." तमिळनाडूच्या ख्रिस्ती समाजाचा मोठा हिस्सा आज दलित आहे, आणि शास्त्रियारची कीर्तनं सर्वांत मोठ्या आवाजात तेच गातात.

मला तेव्हा लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी आपल्या मनातून जात कशी गेली ते लिहिलं आहे. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला, त्या मात्र कितीतरी वर्षं सोवळ्यातच, त्याच्याजवळ राहायला आल्यावरही वेगळी चूल आणि वेगळं पाणी सांभाळत होत्या. आणि एके दिवशी विचार करता करता त्यांना कळलं की ही माणसांनी केलेली गोष्ट आहे, आणि त्या क्षणापासून त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी घेतलं. स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. वेदनायगम शास्त्रियारला जन्मभर जे जमलं नाही ते त्या एका विचारात करून मोकळ्या झाल्या. मी हे टीचरना सांगितलं. त्यांनी लक्ष्मीबाईंचं नाव वहीत उतरून घेतलं.

नारायण वामन टिळकांची गाणी मी ऐकली ती भिंतीतून. नगरला आमच्या घरामागे चर्च होतं. नगर म्हणजे अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं, आणि तिथली ख्रिस्ती वस्ती बहुतेक करून महार-मांग समाजातून आलेली. रविवारी सकाळी आई भाकरी थापायची आणि मागून अभंग यायचा, पेटी आणि टाळांसकट. चौथीपर्यंत मला ते विठ्ठलाचंच भजन वाटत होतं. चालच तशी. टिळक कोकणातले चित्पावन, जन्म १८६१ चा. हिंदू धर्मातून ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असं ते सांगत. त्यांच्या आधी चर्चमधली बरीच गाणी इंग्रजी चालींत मराठी शब्द कोंबलेली होती. टिळकांनी अभंग, ओवी, पद यांत शेकडो गीतं रचली, ती 'उपासना संगीत' या पुस्तकात आहेत. एक सांगते, ते ऐकून टीचर थक्क झाल्या. टिळकांचं एक गीत निकोल मॅक्निकल या स्कॉटिश मिशनऱ्यानं इंग्रजीत नेलं आणि ते स्कॉटलंडच्या चर्चच्या गीतपुस्तकात छापलं गेलं. फाब्रिसियुसच्या वाटेनं उलटा गेलेला हा प्रवासी. एडिंबरोतल्या बायांनी मराठी गीताचा आशय स्कॉटिश श्वास लावून गायला.

तमिळमध्ये टिळकांसारखे कृष्ण पिळ्ळै. तिरुनेलवेलीचे वैष्णव, १८५८ मध्ये मद्रासच्या मैलापूरला बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, पिळ्ळैंनी 'रक्षण्य यात्रीकम्' लिहिलं. दोघांची भेट झाली नाही, पण दोघांनाही एकच गोष्ट उमगली होती. देव नवा असला तरी त्याला हाक मारायचा सूर आईचाच हवा.

राहिल्या चिपळ्या. तंजावरच्या मराठी दरबाराबरोबर कीर्तन तिकडे गेलंच होतं, पण खरा बदल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. मोरगावकर बुवांसारखे महाराष्ट्रातले कीर्तनकार तंजावरला जाऊन राहिले. त्यांचं ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी कर्नाटक संगीतात हरिकथा बांधली. पूर्वरंगाची पंचपदी, निरूपण, साकी, दिंडी, ओवी, अभंग, सगळं त्यांनी घेतलं, आणि हातात चिपळ्याही घेतल्या. तमिळ हरिकथेत आजही साकीला साकीच म्हणतात. आणि हरिकथेचा हाच साचा ख्रिस्ती उपदेशकांनी उचलला. कथाकालक्षेपम् म्हणून. शास्त्रियारच्या वंशातले गायक अजूनही ते करतात. इकडे नगरला मिशनमधल्या मराठी मंडळींनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केलं तेही त्याच सुमाराला. नारदाच्या गादीवरून दोन फांद्या निघाल्या आणि दोन्ही चर्चच्या अंगणात जाऊन वाकल्या.

तंजावरच्या अब्राहम पंडितरांचं नाव इथे घेतलंच पाहिजे. पेशानं वैद्य, ख्रिस्ती कीर्तनांचे रचनाकार, आणि १९१७ साली 'करुणामृत सागरम्' हा संगीतशास्त्राचा प्रचंड ग्रंथ छापणारे. सयाजीरावांच्या बडोद्यात भातखंड्यांनी १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तेव्हा पंडितर आपली श्रुतींची उपपत्ती घेऊन तिथे गेले आणि घरातल्या स्त्रियांकडून वीणेवर तिचं प्रात्यक्षिक करवलं. भातखंड्यांना ती पटली नाही. मला मात्र बडोद्याच्या त्या मंडपाचं चित्र फार आवडतं. मराठी संस्थानात, मराठी पंडितासमोर, तंजावरची ख्रिस्ती बाई वीणा लावते आहे.

नाताळाच्या आधीच्या शेवटच्या रविवारी टीचरकडे नेहमीची माणसं आली नव्हती. पाऊस होता, कॉलेज रोडवर गुडघाभर पाणी साचलं होतं. आम्ही दोघीच. त्या म्हणाल्या, "आज तुमचं गाणं." मी गायिका नाही. पण भिंतीतून ऐकलेला टिळकांचा एक अभंग मला पाठ होता, तो मी म्हटला. त्यांनी चिपळ्या घेतल्या. पहिल्या चरणात त्यांचा आदिताल आणि माझा अभंग जुळेना. त्या आठपर्यंत मोजत होत्या आणि मी तिसऱ्याच ठिकाणी वळत होते. दुसऱ्या चरणाला त्यांनी बोटं मोजणं सोडलं आणि नुसतं माझ्या पायाकडे बघत राहिल्या. माझा पाय फरशीवर वारीतल्यासारखा पडत होता हे मला तेव्हा कळलं. तिसऱ्या चरणाला चिपळ्या बरोबर आल्या.

मग त्यांनी कीर्तनैच्या मागच्या कोऱ्या पानावर तो अभंग लिहून घेतला, तमिळ लिपीत. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चारांना एकच अक्षर. म्हणून संगीताच्या पुस्तकांत करतात तसं त्यांनी अक्षराशेजारी बारीक आकडे घातले. ख असेल तर २, ग असेल तर ३. मी एकेक शब्द सावकाश सांगत होते, त्या पेन्सिल ओली करून आकडे लावत होत्या. 'ख्रिस्ता' आला तेव्हा मी म्हटलं, "इथे ख आहे. दोन लिहा."

"नको," त्या म्हणाल्या. "हे नाव आमच्याकडे आहे." आणि पुढच्या ओळीवर गेल्या.